मी, दोनदा नापास झालेला जोड

टक्!

दचकलात? मी बोलतोय. मी एक जोड. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आणि त्याची लांबलचक नळी यांच्या मधोमध जो बसतो ना, तोच मी. बाजारात मला कपलिंग म्हणतात, घरात मात्र मी नुसता जोड. माझं काम एका वाक्यात सांगता येईल: काम चालू असताना सुटायचं नाही आणि सोड म्हटलं की लगेच सुटायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे माणसांनाही फारसं जमलेलं मी पाहिलेलं नाही.

माझा मुक्काम जबलपूरला. गोरखपूर भागातल्या एका गल्लीत मराठी मंडळाची जुनी इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. चार हजार पुस्तकं, एकोणीस कपाटं, एक व्हॅक्यूम क्लीनर आणि मी. आमच्या सगळ्यांच्या मालकीणबाई म्हणजे हेमलताबाई. वय एकोणसत्तर. शाळेतून निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी वाचनालयाची किल्ली कमरेला लावली आणि ती आजवर उतरलेली नाही.

खरं तर माझ्या नशिबात पुस्तकं नव्हतीच. मी पांढऱ्या नायलॉनच्या दांड्याचा एक तुकडा होतो आणि लेथवाल्या आलोकच्या वर्कशॉपमध्ये कोपऱ्यात पडून होतो. पनागरच्या एका शेतकऱ्याच्या मटार सोलायच्या मशीनमध्ये मला बसवायचं ठरलं होतं. माप चुकलं आणि मी राहून गेलो. वर्षभर माझ्यावर लोखंडाचा कीस पडत होता. मी म्हटलं, चला, आपला जन्म असाच जायचा. तेवढ्यात एक दिवस अच्युतराव आले.

अच्युतराव म्हणजे हेमलताबाईंचे यजमान. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत टूलरूममध्ये छत्तीस वर्षं काढलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरक त्यांना नखाने कळतो. पण त्या फॅक्टरीत एक नियम होता: जो बनवतो, तो पास करत नाही. बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. छत्तीस वर्षं यांच्या प्रत्येक कामावर पास झाल्याचा ठसा दुसऱ्याच कुणीतरी मारला. निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी त्यांना 'अ' अक्षराचा ठसा मारायचा एक छोटा पोलादी पंच घडवून भेट दिला आणि म्हणाले, "घ्या, आता स्वतःचं काम स्वतःच पास करा." सगळे हसले. अच्युतरावही हसले, पण पंच जपून ठेवला.

आता मूळ भानगड सांगतो.

हेमलताबाईंना दमा. पुस्तकांवरची धूळ आणि दमा, म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फडकं झटकायचं नाही, धूळ उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुस्तकं खराब होतात. कामाला येणारी अंजनी फरशी छान पुसते, पण पुस्तकांना तिला बाई हात लावू देत नाहीत. मग पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने आपला जुना व्हॅक्यूम क्लीनर पाठवून दिला. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

मिटला कसला! त्याच्या नळीचा मूळचा जोड झिजलेला. तिसऱ्या कप्प्यापर्यंत पोचेस्तोवर नळी निसटायची, आतली सगळी धूळ बाईंच्या अंगावर सांडायची आणि मग दोन दिवस खोकला. ज्या कंपनीने ते मशीन बनवलं तिने ते मॉडेलच बंद केलेलं, त्यामुळे सुटा भाग मिळण्याची आशा नव्हती.

त्यातच मंडळाचे सचिव मुरलीधरजी एक दिवस वर आले. माणूस भला आहे, पण भल्या माणसांनाच वाईट निरोप द्यावे लागतात. म्हणाले, "वहिनी, कार्यकारिणीचं म्हणणं आहे, तुमची तब्येत अशी, दुसरं कोणी करायला तयार नाही, पुस्तकं धूळ खाऊन राहिली. मग पेट्यांत भरून खाली स्टोअरमध्ये ठेवू. खोली योगवर्गाला देऊ. पाडव्याच्या बैठकीत ठरवून टाकू, चालेल ना?"

हेमलताबाई म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत हात लावू नका." एवढंच. पण घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. अच्युतरावांनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मशीन मांडीवर घेतलं.

आधी त्यांनी वीजवाल्यांचा काळा टेप गुंडाळला. तासाभरात उकलला. मग स्क्रूने आवळायची लोखंडी पट्टी लावली. ती मात्र पक्की बसली, इतकी की काढायला पेचकस लागायचा. आणि नळी तर सारखी काढावी लागते! आमच्या पुस्तकांत काय काय निघतं म्हणून सांगू? कसर लागू नये म्हणून ठेवलेला वाळका कडुलिंब, शिवणीचे दोरे, कुणा वाचकाने खूण म्हणून ठेवलेलं बसचं तिकीट. हे सगळं नळीत जाऊन अडकतं. दर अर्ध्या तासाने नळी काढून झाडूच्या काडीने मोकळी केली नाही, तर मशीन नुसतं रडत बसतं.

म्हणून त्यांनी आट्यांचा जोड केला, बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा. बाई कपाटासमोर इकडून तिकडे वळल्या की नळीही वळायची, आटे उलटे फिरायचे आणि नळी पुन्हा जमिनीवर.

मग अच्युतरावांची नजर छतावरच्या जुन्या बल्बकडे गेली. आत दाबा, जरा फिरवा, खाचेत अडकला. तो बल्ब वर्षानुवर्षं तिथे टिकून होता. त्याच संध्याकाळी ते आलोककडे आले आणि कोपऱ्यातून मला उचललं.

आलोक लेथवर मला चढवत म्हणाला, "अंकल, तोप थोड़े ही बना रहे हो, झाड़ू ही तो है."

"झाड़ू भी छूटनी नहीं चाहिए," अच्युतराव म्हणाले, आणि मला तिथेच माझ्या मोठेपणाची जाणीव झाली.

माझे दोन भाग केले. एक मशीनच्या तोंडात बसवायचा, दुसरा नळीच्या टोकाला. मध्ये रबरी कडी, हवा गळू नये म्हणून. अंगावर दोन खाचा आणि आत स्प्रिंग. मशीन नळीला आत ओढणार, तरी जोड खाचेतून सरकायला नको, म्हणून स्प्रिंग चांगली कडक घेतली. मग परीक्षा. गच्चीच्या कठड्याला मला लटकवलं आणि खाली पाण्याने भरलेली बादली बांधली. मी हललो नाही. त्या बादलीला त्यांनी जोरात झोके दिले. मी तरीही हललो नाही. शेजारच्या पद्मजाताई गॅलरीतून पाहत होत्या, त्यांना वाटलं असेल निवृत्त माणसाचं डोकं फिरलं.

अच्युतरावांनी खोलीत जाऊन तो पंच आणला, जरा तापवला आणि माझ्या अंगावर 'अ' मारला. काय सांगू तुम्हाला! मी छाती फुगवली असती, पण नायलॉन फुगत नाही.

गुरुवारी हेमलताबाई मला घेऊन एकट्याच वाचनालयात गेल्या. पाडव्याला नऊ दिवस राहिले होते. पहिलं कपाट झालं, दुसरं झालं, मी घट्ट. तिसऱ्या कपाटात कडुलिंबाचा एक मोठा झुबका आत गेला आणि नळी तुंबली. बाईंनी मशीन बंद केलं, मला धरलं, आत दाबलं आणि फिरवलं.

मी फिरलो नाही.

त्यांनी पुन्हा जोर केला. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचे हात नीट दिसले. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा आत वळलेला. संधिवात. दाबता दाबता मनगट फिरवणं, नेमकी तीच गोष्ट त्या हातांना होत नव्हती. त्यांनी मला पदरात धरून पाहिलं, गुडघ्यांत धरून पाहिलं. मी काय करणार? मला तर न सुटण्याचीच शिकवण होती. तेव्हा मला माझ्या घट्टपणाची लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

शेवटी बाई जिद्दीला पेटल्या. मशीन तसंच ठेवलं, कोरडं फडकं घेतलं आणि उरलेलं कपाट हाताने झटकायला लागल्या. व्हायचं तेच झालं. मुरलीधरजी वर आले तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर बसून पंप ओढत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"राहू द्या वहिनी," ते हळूच म्हणाले. "मी पेट्या मागवतो."

घरी आल्यावर बाईंनी मला टेबलावर ठेवलं.

"उघडत नाही."

"असं कसं?" अच्युतराव म्हणाले. "मी शंभर वेळा उघडून पाहिला. दाखव, काहून नाही उघडत ते." आणि त्यांनी मला उचलून एका झटक्यात उघडलं. "हे पहा. झालं ना?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्या अंगावरच्या 'अ'वर बोट ठेवलं.

"तुमच्या फॅक्टरीत जो बनवायचा तोच पास करायचा काय जी?"

अच्युतरावांच्या हातातला चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक विचित्र प्रकार केला. बाईंच्या गुडघ्यांना बांधायच्या लवचिक पट्ट्या काढल्या, बोटं वाकू नयेत म्हणून पंजावर चमच्यांचे दांडे ठेवले आणि दोन्ही हात वेगवेगळे, दातांनी ओढून ओढून करकचून बांधले. मग मला उघडायला बसले. दाबलं, घसरलं. पुन्हा दाबलं, मी टेबलाखाली गेलो. मला उचलतानाच त्यांना घाम फुटला.

हेमलताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "हे काय करून राहिले तुम्ही?"

"तुझे हात लावून पाहून राहिलो."

बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. अच्युतरावांनी कप उचलायचा प्रयत्न केला, अर्धा चहा बशीत. बाईंनी कप त्यांच्या तोंडाला लावला.

"रोज असंच होते?"

"सकाळी जास्त. दुपारी जरा बरं असते."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मलम आणून दिलं."

दोघंही हसले, पण अच्युतराव जरा उशिरा.

त्या दिवसापासून खाचांची कल्पना रद्द. फिरवणंच नको. नळी सरळ आत ढकलायची, की एक आकडा आपोआप खोबणीत पडेल. नळीला ओढा, आपटा, वळवा, सगळा ताण त्या आकड्यावर. आणि सोडवायची असेल तर आकड्याला जोडलेली लांब मूठ तळहाताने खाली दाबायची, आकडा वर, नळी बाहेर. मूठ लांब म्हणून जोर कमी लागतो आणि बोटांचं तर कामच नाही. पण बाजारातल्या मुठी एक तर गुळगुळीत, नाही तर बारक्या. अच्युतराव घरभर हिंडले आणि शेवटी स्वयंपाकघरात थांबले.

"अहो, माझ्या कुकरचा कान कुठे गेला?" असा आवाज आला तेव्हा तो काळा कान माझ्या पाठीवर बसून आलोकच्या वर्कशॉपमध्ये घासून घेत होता. आम्ही दोघं आता सख्खे आहोत. त्याला अजूनही वरणाचा वास येतो. माझ्या अंगावरच्या जुन्या खाचा तशाच राहिल्या, आता त्यात फक्त धूळ साठते.

या खेपेला अच्युतरावांनी पंच कपाटातच ठेवला. मला टेबलावर ठेवलं, खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "तपासा."

बाईंनी अगदी शाळेतल्यासारखं तपासलं. नळी ढकलली. ओढली. मूठ दाबली, काढली. पुन्हा बसवली. दहा वेळा, पंधरा वेळा. एकदाही हात दुखला नाही. अच्युतरावांचा चेहरा खुलत चालला. मीही मनातल्या मनात पेढे वाटत होतो.

"नापास," बाई म्हणाल्या.

"आता काहून?"

"बसला का नाही बसला, ते कळतच नाही. तुम्हाला बोटांनी कळते. माझ्या बोटांना नाही कळत. वाकून पाहावं लागते. त्यानं काहीतरी बोलायला पाहिजे."

आता इथे अच्युतरावांची खरी अडचण झाली. छत्तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट शिकली आणि शिकवली होती: चांगलं काम आवाज करत नाही. त्या हौसेपायी त्यांनी आकड्याखाली मुद्दाम रबराचा तुकडा चिकटवला होता, की आकडा अलगद, मुका बसावा. त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी कानस घेतली आणि तो रबराचा तुकडा खरवडून काढला.

बाईंनी नळी ढकलली.

टक्!

हा माझा पहिला शब्द. मला आवाज दिला तो माझ्या बनवणाऱ्याने नाही, मला दोनदा नापास करणाऱ्या बाईंनी.

"पास," बाई म्हणाल्या, आणि अच्युतरावांनी खिशातून काहीतरी काढून त्यांच्यापुढे ठेवलं. जुन्या ड्रिलचा तुकडा घासून केलेला एक पंच. त्यावर 'हे'. बाई लाजल्या. "चला, काहीतरीच!" म्हणाल्या. पण हातोडी घेतली. अच्युतरावांनी मला धरलं आणि पंचही धरला, बाईंनी दोन्ही हातांनी हातोडी मारली. ठसा जरा तिरपा आला. अच्युतरावांनी कानस उचलली, स्वतःचा 'अ' घासून टाकायला.

"राहू द्या तो," बाई म्हणाल्या. "बनवला तर तुम्हीच ना."

पाडव्याच्या दिवशी बैठकीआधी मुरलीधरजी वर आले. मागे दोन माणसं, त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या बारा पेट्या. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, तोंडाला रुमाल बांधला आणि तिसरं कपाट सुरू केलं, तेच, जिथे माझी अब्रू गेली होती. चौथ्या कप्प्यात नळी तुंबली. बाईंनी मशीन बंद केलं. अच्युतराव दाराशी उभे होते, त्यांनी दोन पावलं पुढे टाकली आणि मग स्वतःला आवरलं.

बाईंनी तळहात माझ्या मुठीवर ठेवला, दाबला. नळी हातात आली. काडीने आतला झुबका काढला, नळी ढकलली. टक्. मशीन सुरू. एकही खोकला नाही.

मुरलीधरजी उठले आणि मला स्वतः तीनदा उघडून, तीनदा बसवून पाहिलं. लहान मुलासारखे. मग कपाळावर हात मारून म्हणाले, "वहिनी, एवढ्या पेट्यांचं आता काय करू?"

"सतरंज्या भरा," बाई म्हणाल्या. "आणि योगवर्ग खाली घ्या."

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. दर गुरुवारी मी कामावर असतो. एकोणीस कपाटं पंधरा दिवसांत एकदा फिरून होतात. पुस्तकांतून आत्तापर्यंत सात बसची तिकिटं, एक राखी आणि एक हळदीचं बोट लागलेलं पोस्टकार्ड निघालं. पोस्टकार्ड बाईंनी परत त्याच पानात ठेवलं. माझी रबरी कडी एकदा बदलली. कुकरचा कान जरा सैल झालाय, पण तक्रार नाही.

तुम्हीही कधी ना कधी काहीतरी बनवाल. दाराची कडी, डब्याचं झाकण, एखादा कायदासुद्धा. माझी एवढीच विनवणी आहे, ते ज्याच्या हातात जायचं आहे त्याच्या हातात आधी देऊन पाहा. आणि तो नापास म्हणाला, तर रागावू नका.

हे आज मुद्दाम सांगतोय, कारण मागच्या गुरुवारी एक गोष्ट घडली. या हिवाळ्यापासून अच्युतरावांचे हात थरथरायला लागलेत. ते कुणाला बोललेले नाहीत. पण मला बनवणारे हात मला ओळखू येणार नाहीत होय? आजकाल ते बाईंबरोबर वाचनालयात येतात, मदतीला म्हणून. त्या गुरुवारी बाई स्टुलावर बसून पुस्तकांवरून नळी फिरवत होत्या, तेवढ्यात ती तुंबली.

"काढा जरा," बाई म्हणाल्या.

अच्युतरावांनी मला धरलं. जुन्या सवयीने बोटांनी धरलं, आणि बोटं थरथरली. दोनदा घसरली. तिसऱ्या वेळी ते थांबले. मग त्यांनी हात उघडला, तळवा माझ्या मुठीवर ठेवला आणि दाबला. नळी निघाली. त्यांनी कडुलिंब काढला, नळी पुन्हा ढकलली.

टक्.

अंगठा माझ्या त्या तिरप्या 'हे'वरून फिरवत ते म्हणाले, "हेमा, बरं झालं तू नापास केलं."

बाई स्टुलावरून उठल्या. अच्युतरावांचे हात त्यांनी आपल्या हातांत घेतले. सुजलेल्या बोटांत थरथरणारी बोटं. त्यांना सगळं कळलं होतं, बहुतेक बऱ्याच दिवसांपासून.

"सांगितलं काहून नाही?" बाई म्हणाल्या.

"तू मलम आणलं असतं," अच्युतराव म्हणाले.

बाई हसल्या. मग हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मशीनचं बटण दाबलं. चौथं कपाट अजून बाकी होतं.